आधीच केलेली उपकारस्तुती

आमच्या ख्रिस्ती घरांत काही चांगलं घडलं की उपकारस्तुती करतात. पोरगं मॅट्रिक झालं, बाई अवघड बाळंतपणातून सुखरूप उठली, कुणाला शिपायाची का होईना नोकरी लागली, विंचू चावूनही म्हातारा वाचला, की पाळकसाहेबांना निरोप द्यायचा, अंगणात सतरंजी टाकायची, पेटी-तबला मागवायचा. चार गाणी, थोडं शास्त्रवाचन, प्रार्थना, आणि मग चहा-चिवडा. चहा पातळ निघाला तर देवाचे उपकारही बेताचेच असणार, असं धरून चालणारी माणसंही आमच्यात होती. खोटं कशाला सांगू?

अशा कितीतरी उपकारस्तुत्यांना मी मांडी घालून बसले आहे. एक मात्र अशी झाली, की जी गोष्ट घडली म्हणून आम्ही देवाचे आभार मानले ती गोष्ट घडलेलीच नव्हती. ती माझ्या आईनं केली, आमच्या घरी, बहात्तरच्या दुष्काळात. आई जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली, पण त्या गुरुवारचा राग माझ्या पोटातून काही गेला नाही. नक्की कुणावरचा राग, हे मला अजून धड सांगता येत नाही.

आमचं गाव नेवासे तालुक्यात, सोनईच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. गावाबाहेर मिशनची शाळा, शाळेला लागून मुलांचं बोर्डिंग आणि बोर्डिंगच्या मागं आमची ख्रिस्ती वस्ती. मी पाचवीत असताना वडील वारले. आई बोर्डिंगात भाकरी थापायची. सकाळी एक परात, संध्याकाळी एक परात, आणि परात म्हणजे काय, त्यात मी लहानपणी मांडी घालून बसत असे. तिला अक्षरओळख नव्हती. पण देवाशी तिचं बोलणं दिवसभर चालू असायचं, शेजारणीशी कुडापलीकडून बोलावं तसं. "बापा, आज मीठ न्हाई. तू बी बघ, मी बी बघते." कोंबडी हरवली की, "तुझ्या ध्यानात असंल कुठं गेली ती, मला काय दिसंना." कोंबडी सापडली की लगेच, "लई आभारी हाय." नाही सापडली तर म्हणायची, "मुंगसाला बी पोट हाय, त्यालाबी त्यानंच घातलंय जल्माला." मला हसू यायचं. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. मी म्हणायचे, "आई, देवाला एवढ्या कोंबड्या सांभाळायला लावतेस, त्याला दुसरं काम आहे की नाही?" ती म्हणायची, "तुझ्यापरीस बरा हाय. हाक मारली की ऐकतो."

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. फौजेत भरती झाला तेव्हा आईनं वस्तीभर गूळ वाटला होता. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात सुटीवर आला आणि त्याच सुटीत त्याचं लग्न झालं. वहिनी संगमनेरकडची, तिचे वडील तिकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर मास्तर. एकोणीस वर्षांची असेल. उंच, सावळी, हळू बोलणारी, पण गाणं म्हणायला उभी राहिली की पेटीवाल्याला सूर वर घ्यायला लावायची. लग्नानंतर दादा बावीस दिवस घरी होता. मग गेला. त्याचं एकच पत्र तिला आलं, बाकी सगळी आईच्या नावानं. ते एक पत्र ती झंपरात ठेवायची, आणि घामानं त्याची शाई उतरली तेव्हा रडली होती.

हिवाळ्यात लढाई लागली. दोन आठवड्यांत संपलीही. गावात पेढे वाटले, शाळेत झेंडा लावला. आणि त्यानंतर काही दिवसांनी टपालवाला आमच्या दारात सायकलवरून खाली उतरला. एरवी तो पत्र फेकून पुढं जायचा. तार इंग्रजीत होती, त्यानं वाचून मराठीत सांगितली. तुमचा मुलगा बेपत्ता आहे.

"बेपत्ता म्हंजी?" आईनं विचारलं.

"म्हणजे... सापडत नाही, मावशी."

"मेला आसं लिवलंय का?"

"नाही. तसं नाही लिहिलेलं."

"मग झालं तर. त्यांना घावत न्हाई. देवाला ठावं हाय कुठं हाय त्यो." आणि ती परातीकडं परत गेली. वहिनी दाराआड उभी होती. तिनं डोक्यावरचा हंडा खाली उतरवलाच नाही. तशीच उभी राहिली, मीच तो उतरवला.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते ज्याचं त्याला माहीत. पाऊस नाही, विहिरींना तळ दिसला, बोर्डिंगची अर्धी मुलं घरी धाडली. उरलेल्यांसाठी तांबडी मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, आली. तिची भाकरी थापताना चिरायची. आई तिला हातानं सांधायची आणि पुढची थापायची. पण आमच्या घरात दुष्काळापेक्षा मोठं काहीतरी बसलं होतं. वहिनीला काय म्हणावं, हे कुणालाच कळत नव्हतं. सवाशीण म्हणावं तर नवरा कुठाय? विधवा म्हणावं तर तार तसं सांगत नव्हती. विहिरीवर बायका तिच्याशी बोलायच्या ते जरा बाजूला सरकून. एकीनं तर तोंडावर विचारलं, "गळ्यातलं ठेवायचं का काढायचं, काय ठरलं तुमचं?" मी तिथं होते. मी त्या बाईला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दिवाळीच्या सुटीत वहिनीचे वडील आले. सभ्य माणूस. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आईला म्हणाले, "विहीणबाई, वर्ष होत आलं. पोर माझी वीस वर्षांची आहे. आमच्या शाळेवर एक मास्तर आहेत, आपल्यातलेच. बायको वारली, एक लहान मुलगी आहे. माणूस देवभीरू आहे. त्यांनी स्वतः होऊन विचारलं. तुम्ही परवानगी दिलीत तर..."

आईनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. मग म्हणाली, "तिला इचारा."

वहिनी खाली बघत म्हणाली, "नाताळापर्यंत थांबते, अण्णा." वहिनीचे वडील 'बरं' म्हणून गेले. मी आणि वहिनी एका वाकळेवर झोपायचो, त्यामुळं मला माहीत आहे. तिनं पेटी आवरायला घेतली होती. रोज एखादं लुगडं घडी करून आत ठेवायची. एकदा म्हणाली, "वन्सं, ती मुलगी किती वर्षांची असेल हो?" मी म्हटलं, "कोणती?" तिनं लुगड्याची घडी मोडून पुन्हा घातली. पण मला समजलं आणि मला, देवाशपथ, आनंदच झाला. निदान एक माणूस तरी या घरातून सुटेल असं वाटलं.

आणि मग रेडिओवर बातमी आली की दोन्हीकडचे लढाईतले कैदी आता सोडणार. हेडमास्तरांच्या ओसरीवर रेडिओ होता. आई तिथं भाकरी द्यायला गेली होती, तिथं तिनं ती ऐकली. घरी येऊन आम्हाला काही बोलली नाही. रविवारी चर्चमध्ये प्रवचन झाल्यावर पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "कुणाची साक्ष?" म्हणजे देवानं कुणासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. आई उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "परमेस्वरानं माझा ल्योक परत आनला. येत्या बेस्तरवारी सांजच्याला आमच्या घरी उपकारस्तुती हाय. समद्यांनी या."

बायकांच्या बाजूनं एकच गलका झाला. कुणी रडायला लागलं, कुणी वहिनीला मिठी मारली. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं पत्र आलंय आणि मी लपवलंय, मला वाटलं तिच्याकडं आलंय. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींना विचारतच होतो.

दुपारी पाळकसाहेब आले, सायकल हाकत. उन्हानं लाल झालेले. "पत्र बघू," म्हणाले.

"कसलं पत्तर?"

"मुलाचं. किंवा सरकारचं."

"पत्तर आलं न्हाई," आई म्हणाली. "कैदी सुटनार हायती. त्यात त्यो आसनारच. म्या मागितलं, त्यो देनार. मग आभार मानायला काय झालं?"

पाळकसाहेब मटकन ओट्यावर बसले. "अहो बाई, अजून काहीच कळलेलं नाही. आधी येऊ द्या. मग दणक्यात करू."

"साहेब," आई अगदी समजूत काढल्यासारखी म्हणाली, "ताट वाढलं की आपन आभार कवा मानतो? जेवल्यावर का आधी?"

पाळकसाहेब रुमालानं मान पुसायला लागले. मी मात्र गप्प बसले नाही. "आई, ताट समोर असतं. भाकरी दिसते. हे ताट कुठाय?" मी ओरडले. "साऱ्या गावात हसं करून ठेवलंस आमचं. उद्या जाऊन सांग सगळ्यांना, खोटं बोलले म्हणून."

"तू गप. तुझा इस्वास मोहरीयेवढा बी न्हाई."

"आणि तुझा डोंगराएवढा, तो पडेल वहिनीच्या डोक्यावर!"

आईनं मान खाली घातली. मला वाटलं, जिंकले मी. पण वहिनी आतून आली, हातात पोतेरं होतं. तिनं पाळकसाहेबांच्या पायाजवळची जमीन सारवायला सुरुवात केली. चारच दिवस होते ना गुरुवारला. सारवता सारवता म्हणाली, "आत्याबाई, ओसरी पण घेऊ का?" तिचा चेहरा मी पाहिला. गेल्या वर्षभरात तो तसा नव्हता. मी तिथून उठून गेले.

मंगळवारी ती आपल्या वडिलांना कार्ड लिहायला बसली. 'ते परत येत आहेत, तुम्ही मास्तरांना सांगा.' मी तिच्या हातातून पेन ओढून घेतलं. "वहिनी, थांब जरा. आठ दिवस थांब. नक्की कळू दे."

"आत्याबाईंना कळलंय."

"आत्याबाईंना काही कळलेलं नाही. तिला कोंबडी कुठं गेली तेही कळत नाही."

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाली, "मी पण मागितलंय." आणि तिनं पेन परत घेतलं. कार्ड मीच टपालपेटीत टाकलं. टाकायला नको होतं. फाडून टाकलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी किती वेळा केलाय, ते विचारू नका.

गुरुवार आला. माणसं जमली. पाण्याची एवढी ओढ होती की चहासाठी प्रत्येक बाई आपल्या घरून एकेक तांब्या पाणी घेऊन आली होती. दारात हंडा ठेवला होता, त्यात ओतायच्या आणि मग बसायच्या. तेवढ्या हंडाभर पाण्याकडं बघून मला आतून भरून आलं, हे मी कबूल करते. स्वतःच्या पोरांना मापून पाणी देणाऱ्या बायका होत्या त्या. त्यांतल्या निम्म्यांना एव्हाना कळलं होतं की पत्रबित्र काही नाही. तरी आल्या. वहिनी लग्नातलं हिरवं लुगडं नेसली होती.

गाणी झाली. मग पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले. "हे स्वर्गीय बापा," ते म्हणाले, "तुझ्या इच्छेत असेल तर या घरचा मुलगा सुखरूप..."

"साहेब," आई डोळे मिटूनच म्हणाली, "आसंल तर नगा म्हनू."

कुठून तरी एक पोर हसलं. पाळकसाहेब खाकरले. मग त्यांनी तिच्या म्हणण्यासारखी प्रार्थना केली. गरीब माणूस, काय करणार? त्यांचा आवाज मात्र खाली गेला होता. त्यानंतर आई म्हणाली, "आता सुनबाईनं दोन शब्द बोलावं."

वहिनी उठली. एवढ्या माणसांत ती कधी बोलली नव्हती, फक्त गायची. हात जोडून म्हणाली, "प्रभूनं माझ्या घरधन्याला परत आणलं, म्हणून मी सगळ्यांच्या देखत त्याचे आभार मानते." एवढंच. पण ते तिनं असं म्हटलं, की दादा आत घरात बूट काढत बसलाय असं मला वाटलं. मी फटकळ, मी अविश्वासू, मी चारच दिवसांपूर्वी आईला नाही नाही ते बोललेली. पण त्या क्षणी माझा विश्वास बसला. मी डोळे मिटले आणि सगळा जीव ओतून आभार मानले. आयुष्यात तेवढ्या मनापासून मी देवाशी पुन्हा कधी बोललेले नाही.

कैदी आले. पेपरात फोटो आले, गळ्यात हार, रडणाऱ्या आया. आमच्याकडं काही आलं नाही. टपालवाला पुन्हा सायकलवरून न उतरता पुढं जायला लागला. पंधरा दिवस वाट पाहून मी आणि वहिनी एसटीनं नगरला गेलो. तिथं सैनिकांच्या कामाचं एक ऑफिस होतं. टेबलामागं एक वयस्क गृहस्थ होते, फौजेतूनच निवृत्त झालेले असावेत. त्यांनी दादाचा नंबर मागितला. वहिनीला तो पाठ होता. त्यांनी यादी वरून खाली पाहिली. मग चष्मा पुसला आणि पुन्हा वरून खाली पाहिली. शिपायाला म्हणाले, "यांना पाणी दे आधी." तेव्हाच मला कळलं.

"दुसरी यादी कधी येईल?" वहिनीनं विचारलं.

"बेटा, ही शेवटची."

"पण एखादं नाव राहिलं असेल..."

यादीवरून हात फिरवत राहिले. बाहेर येऊन वहिनी पायरीवर बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "वन्सं, शेवटची एसटी चुकेल." सोनईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघायला काय होतं? उघडी ढेकळं नि वाळलेल्या बाभळी.

फाट्यावर आई उभी होती. कामावरून तशीच आली होती, कोपरापर्यंत पीठ. आम्हाला दोघींनाच उतरलेलं पाहूनही ती एसटीच्या दाराकडं बघत राहिली. एसटी गेली. मग म्हणाली, "काय म्हनले?"

"यादीत नाव नाही."

"मग दुसऱ्या यादीत आसंल."

"दुसरी यादी नाही, आई."

"याद्या मान्सं करत्यात. मान्सं काय, इसरत्यात." असं म्हणून ती चालायला लागली. आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. भर रस्त्यात, येणाजाणाऱ्या बैलगाड्यांसमोर मी ओरडले, "तुझ्या देवानं आपल्या घरचा चहा फुकट प्यायला! त्याला लाज वाटायला पाहिजे होती! आणि तुला पण!" वहिनीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "गप, वन्सं. गप व्हा ना." आई वळली नाही. पण तिची पावलं वाकडी पडत होती. चपलेचा अंगठा तुटला असावा असं मी मनाला समजावलं.

त्याच्या पुढच्या रविवारी चर्चमध्ये पोरं नाताळचे कागदी तारे लावत होती. पाळकसाहेबांनी मुद्दामच घाईनं विचारलं, "कुणाची साक्ष नसेल तर पुढं..." आई उठली.

"म्या म्हनले हुते माझा ल्योक आला. त्यो आला न्हाई," ती म्हणाली. "परमेस्वर खोटं बोलला न्हाई. त्यानं मला काय बी सांगितलं नव्हतं. म्याच माझ्या मनानं ठरवलं आन त्याच्या नावावर खपवलं. बोल लावायचा तर मला लावा. त्याला लावू नगा." आणि खाली बसली.

वस्तीत नंतर किती दिवस बोलत होते. काय ही नम्रता, काय हा विश्वास, देवाला दोष लागू दिला नाही बाईनं. मला त्या कौतुकाची शिसारी आली. ज्यानं द्यायचं ते दिलं नाही त्याची बाजू ही घेते, आणि सगळे हिलाच शाबासकी देतात. पण आईला त्या शाबासकीचं काही नव्हतं. घरी येऊन मला म्हणाली, "व्याह्यांना कारड लिव. म्हनावं, येऊन पोरीला घिऊन जा."

नव्या वर्षात वहिनीचे वडील आले. आईनं वहिनीची पेटी स्वतः भरून ठेवली होती. दादानं नगरहून आणलेला आरसा पदरात पुसून वर ठेवला होता. चहा झाला. वडील म्हणाले, "ते मास्तर अजून थांबलेत, बरं का. पण त्यांनाही घरचे धरून बसलेत, दुसरीकडं बघा म्हणून. आज निघालो तर बरं होईल."

वहिनी उंबऱ्याशी बसली होती. म्हणाली, "अण्णा, मी येणार नाही."

आम्हाला वाटलं, जरा आढेवेढे घेतेय. सगळ्याच घेतात. आई म्हणाली, "आगं, माझी काळजी नगं करू. ही हाय की माझ्याजवळ."

"तुमच्यासाठी नाही, आत्याबाई. मी सगळ्यांसमोर उभी राहून आभार मानलेत. ते आले म्हणून."

"आगं, ती चूक हुती, पोरी! म्या भर चर्चमधी सांगितलं की!"

"तुमचं तुम्ही परत घेतलंत," वहिनी शांतपणे म्हणाली. "मी नाही घेतलं. मी खरंच मानले होते. देवाला एकदा दिलेलं माघारी कसं मागू? आणि मी दुसऱ्याच्या घरी गेले आणि ते आले, तर?"

"त्यो न्हाई येनार गं!" आई किंचाळली. तारेच्या दिवसापासून हे शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाले. "माझा ल्योक मेला. आयकलंस? म्या त्याची आई, म्या सांगते तुला, मेला त्यो!"

वहिनीनं नुसती मान हलवली. नाही म्हणून. तेव्हा आई उठली, तिच्यापुढं खाली बसली आणि सुनेच्या पायांवर डोकं टेकवलं. तिच्या वडिलांनी तोंड फिरवलं. वहिनी घाबरून मागं सरकली, आईला उठवायला लागली, दोघीही रडत होत्या. पण वहिनी 'हो' म्हणाली नाही. तासाभरानं तिचे वडील एकटेच निघाले. मी त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला गेले. टोपी हातातच होती त्यांच्या. मला म्हणाले, "तू शिकलेली आहेस, बाळ. तू तरी समजाव." आणि माणसं बघत असताना ढसाढसा रडले.

मी परत आले तेव्हा वहिनी पाण्याला गेली होती. आई चुलीपुढं बसलेली. चूल पेटलेली नव्हती. मला पाहून तिनं विचारलं, "म्या चुकले का गं?"

तिनं आयुष्यात मला असलं काही कधी विचारलं नव्हतं. ती देवाला विचारायची. त्या दिवशी तिनं मला विचारलं. माझ्या डोळ्यांपुढं वहिनीच्या वडिलांचं रडणं होतं, ते कार्ड होतं, आणि सतरा वर्षांच्या पोरीला राग कुठं ठेवावा हे कळत नसतं. मी म्हणाले, "हो. चुकलीस."

तिनं मान डोलावली. जणू हेच तिला ऐकायचं होतं. मग काटक्या मोडून चुलीत सारल्या.

त्या दिवसापासून ती देवाशी बोलेनाशी झाली. चर्चला यायची, एक रविवार चुकवला नाही. दाराजवळ बसायची. सगळे 'आमेन' म्हणायचे तेव्हा ओठ हलायचे, आवाज नाही. साक्षीच्या वेळी पाळकसाहेब तिच्याकडं बघायचे आणि मग दुसरीकडं बघायचे. घरात मात्र काही नाही. भाकरी थापताना काही नाही, काही हरवलं-सापडलं तर काही नाही. आमचं घर एवढं गप्प झालं, की मला शिकायला बाहेरगावी जावंसं वाटायचं. वहिनी आईच्या हाताखाली बोर्डिंगात कामाला लागली. त्या मास्तरांचं त्याच उन्हाळ्यात दुसरीकडं लग्न झालं. कार्ड आलं होतं, वहिनीनंच मला वाचून दाखवलं.

मी डी.एड. केलं, नोकरीला लागले, आईला आजार जडला तेव्हा रजा घेऊन आले. पोटाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. दोन दिवस तिच्या उशाशी बसून होते. एका दुपारी तिला जरा शुद्ध होती. वहिनी बाहेर पेज निववत होती. मी तिच्या कानाशी वाकले आणि इतकी वर्षं घशात अडकलेलं एकदाचं बोलून टाकलं. "आई, तू चुकली नव्हतीस. मी रागात बोलले. देव सगळं बघतो, तू विश्वास ठेवलास ते बरोबरच होतं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळे नितळ होते. म्हणाली, "आता कशाला खोटं बोलतीस?"

मी तिचा हात धरून बसले. वाट बघत राहिले, की आता तरी ती देवाला काही म्हणेल. मागेल, भांडेल, विचारेल. शिवी दिली असती तरी मला चाललं असतं. संध्याकाळपर्यंत मी बसून होते. ती काहीच म्हणाली नाही.